वाटे पाडणाऱ्यानं आधी उचलू नये

आजोबा गेल्यावर आमचं घर वाटलं गेलं तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. पेण तालुक्यातलं गाव, चार भाऊ, थोडी जमीन. पडवीत भांडी मांडली होती: हंडे, कळशा, दोन पराती, पितळेचे डबे आणि एक मोठं तांब्याचं घंगाळ. आजीनं सगळ्यांदेखत सांगितलं, वाटे थोरल्यानं पाडायचे आणि पहिला वाटा धाकट्यानं उचलायचा. थोरले काका दिवसभर वाटे पाडत बसले. ते घंगाळ माझ्या डोळ्यांदेखत तीनदा इकडचं तिकडं गेलं. खाजणाकडचं, उधाणाला खारं पाणी शिरणारं खाचर ज्या वाट्यात होतं त्यात शेवटी घंगाळ आलं. घरालगतच्या चांगल्या खाचराच्या वाट्यात एक कळशी आणि कड फाटलेली परात आली. काका काही धर्मराज नव्हते. बांधावरून भांडण काढण्यात त्यांचा हात धरणारा गावात कुणी नव्हता. पण उरेल तो वाटा आपला, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून त्या दिवशी त्यांनी वाटे सरळ पाडले.

महाराष्ट्राच्या विधानसभेत हे होत नाही. तिथं वाटे पाडणारा तोच, पहिला उचलणारा तोच, आणि उचलल्यावर वाटा कमी वाटला तर भांडी पुन्हा एकत्र करून नव्यानं वाटे पाडणाराही तोच. पंचवीस वर्षं पत्रकार कक्षात बसून मी हे पाहिलं. पक्ष बदलले, बाकं बदलली, हे बदललं नाही. आता निवृत्त झालोय, पासासाठी कुणाच्या दारात उभं राहायचं नाही. जे पाहिलं ते लिहितो.

निवडणूक होते. हंगामी अध्यक्ष शपथा देतात, अध्यक्ष निवडले जातात, राज्यपालांचं अभिभाषण होतं, आभाराचा ठराव होतो. या सगळ्यात नव्या सभागृहाला कुणीही विचारत नाही की, तुम्ही पुढली पाच वर्षं कोणत्या नियमांनी चालणार आहात? राज्यघटनेच्या 208व्या अनुच्छेदानं आपल्या कामकाजाचे नियम करण्याचा अधिकार सभागृहाला दिला आहे. पण नवं सभागृह पहिल्या दिवशी तो हातात घेत नाही. आधीच्या विधानसभेचं नियमांचं पुस्तक तसंच पुढं चालू राहतं. नव्या आमदाराला ते मिळतं, कपाटात जातं. लक्षवेधी कशी लावायची, तारांकित प्रश्न किती दिवस आधी द्यायचा, एवढं तो कुणाला तरी विचारून घेतो. नियम 57 आणि नियम 293 हे आकडे ऐकून ऐकून पाठ होतात. बाकीचं पुस्तक अडचण आली की उघडायचं.

पुस्तक पुढं चालू राहतं याबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार आहे ती अडचण आली की ते उघडून हवं तसं फिरवण्याबद्दल. नियम बदलायला नियम समिती असते, तिच्या अध्यक्षस्थानी विधानसभेचे अध्यक्ष असतात आणि पक्षांच्या बळानुसार सदस्य असतात. म्हणजे बहुमत ज्याचं, समिती त्याची. आणि बदललेला नियम लगेच लागू होतो, बदलणाऱ्याच्याच फायद्याला, त्याच आठवड्यात.

2021 घ्या. फेब्रुवारीत नाना पटोले यांनी अध्यक्षपदाचा राजीनामा दिला. अध्यक्षाची निवड तेव्हा गुप्त मतदानानं होत होती. सरकार तीन पक्षांचं. गुप्त मतदानात आपलीच माणसं फुटतील या धास्तीनं महाविकास आघाडीनं निवडणूकच लावली नाही. एक अधिवेशन गेलं, दुसरं गेलं. उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ गाडा ओढत राहिले. डिसेंबरात नियम 6 आणि 7 बदलले: गुप्त मतदान गेलं, आवाजी मतदान आलं, आणि निवडणुकीची तारीख राज्यपालांनी मुख्यमंत्र्यांच्या शिफारशीनुसार ठरवायची असं आलं. सूचना आणि हरकतींसाठीची दहा दिवसांची मुदत एका दिवसावर आणली. एक दिवस! गावात पाणपोई हलवायची तर ग्रामसभेला यापेक्षा जास्त दिवस देतात.

माझं मत विचाराल तर अध्यक्षाची निवड उघडच व्हायला हवी. लोकसभेत ती उघड होते. माझ्या आमदारानं कुणाला मत दिलं हे मला कळलं पाहिजे. म्हणजे बदल चांगलाच होता. पण तो का झाला? आमदारांवर विश्वास नव्हता म्हणून झाला. 2019च्या नोव्हेंबरात सत्तेवर आल्या आल्या केला असता तर त्याला सुधारणा म्हणता आलं असतं. दहा महिने खुर्ची रिकामी ठेवून, मतं फुटण्याच्या भीतीनं, एका दिवसाची मुदत देऊन केलेला बदल ही पळवाट आहे, आणि पळवाट चांगल्या रस्त्यावर निघाली म्हणून ती पळणाऱ्याच्या पदरी पुण्य जमा होत नाही.

समोरच्यांचं काय? भारतीय जनता पक्षानं त्या बदलाला लोकशाहीची हत्या म्हणत आकाशपाताळ एक केलं. त्यांचे गिरीश महाजन उच्च न्यायालयात गेले. 2022च्या मार्चमध्ये याचिका फेटाळली गेली. राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी बदललेल्या नियमावर बोट ठेवून तारीख दिली नाही ती नाहीच दिली. आणि मग जूनमध्ये सरकार पडलं. 30 जूनला एकनाथ शिंदे यांनी शपथ घेतली आणि 3 जुलैला, चौथ्या दिवशी, अध्यक्षाची निवडणूक झाली. कोणत्या नियमानं? ज्याला हत्या म्हटलं त्याच नियमानं. एकेक आमदार उभा राहिला, त्यानं आपलं नाव सांगितलं, आपला क्रमांक सांगितला, आणि 164 विरुद्ध 107 अशी शिरगणती होऊन राहुल नार्वेकर अध्यक्ष झाले. ज्या राज्यपालांना महिनोनमहिने तारीख सापडत नव्हती त्यांना ती तीन दिवसांत सापडली. मी त्या दिवशी दूरदर्शनसमोर बसून तो क्रमांकांचा पाढा ऐकत होतो. सहा महिन्यांपूर्वी याच नियमाविरुद्ध घसा फोडणारी माणसं त्याच नियमानं खणखणीत आवाजात आपला आकडा सांगत होती. एकाचाही आवाज अडखळला नाही.

नियमाला विरोध नव्हताच. नियम आपल्या हातात नाही याला विरोध होता. हे दोन्ही बाजूंनी एकाच वर्षात सिद्ध करून दाखवलं.

त्याच काळातली दुसरी गोष्ट. 2021च्या जुलैत पावसाळी अधिवेशनात गोंधळ झाला आणि भाजपच्या 12 आमदारांना एक वर्षासाठी निलंबित केलं. नियम 53 काय सांगतो? बेशिस्त वागणाऱ्या सदस्याला अध्यक्ष त्या दिवसापुरतं बाहेर काढू शकतात, पुन्हा केलं तर उरलेल्या अधिवेशनापुरतं. एक वर्ष हा शब्द पुस्तकात कुठं आहे? कुठंच नाही. पण हात वर करायला माणसं होती, ठराव झाला. घटना सांगते की सदस्य परवानगीशिवाय साठ दिवस गैरहजर राहिला तर त्याची जागा रिकामी जाहीर करता येते. जागा रिकामी झाली तर सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यावी लागते. इथं मात्र 12 मतदारसंघ वर्षभर मुके ठेवायचे, आणि त्यांना दुसरा आमदार निवडायची सोयही नाही. सर्वोच्च न्यायालयानं 28 जानेवारी 2022 रोजी तो ठराव घटनाबाह्य ठरवला. एरवी 212वा अनुच्छेद सभागृहाच्या कामकाजातल्या अनियमिततेत न्यायालयाला डोकावू देत नाही. तरी न्यायालयाला आत यावं लागलं, यावरून पुस्तक किती फाडलं होतं ते कळतं. नियम मोडणारे कोण होते? नियमांची भाषा सर्वांत जास्त बोलणारे, 40-40 वर्षं सभागृहात काढलेले लोक. त्यांना नियम 53 माहीत नव्हता असं कुणी मला सांगू नये.

याआधी 2014 आहेच. देवेंद्र फडणवीस यांचं पहिलं सरकार. भाजपच्या 122 जागा, बहुमताला हवेत 145. शिवसेना तेव्हा विरोधी बाकांवर. 12 नोव्हेंबरला विश्वासदर्शक ठराव आला, 'होयचे बहुमत, होयचे बहुमत' झालं, आणि ठराव मंजूर. पोल, म्हणजे मतविभागणी, मागणारे ओरडत राहिले. अल्पमतातल्या सरकारवर विश्वास आहे की नाही हे आवाजावरून ठरवलं! चार दमदार गळे असले की सरकार टिकतं, असा त्याचा अर्थ होतो. बाजारात कोथिंबिरीची जुडीसुद्धा आवाजावरून कुणी मोजून घेत नाही.

आणि आता चालू असलेलं. 2024च्या निवडणुकीत महायुतीला प्रचंड बहुमत मिळालं. विरोधात शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) 20, काँग्रेस 16, राष्ट्रवादी (शरदचंद्र पवार) 10. तेव्हापासून विधानसभेत विरोधी पक्षनेता नाही. ठाकरेंच्या शिवसेनेनं 2025च्या मार्चमध्ये भास्कर जाधव यांचं नाव दिलं. ते नाव पडून राहिलं. ऑगस्टमध्ये विधान परिषदेतले विरोधी पक्षनेते अंबादास दानवे यांची मुदत संपली, आणि डिसेंबरात नागपूरला अधिवेशन भरलं तेव्हा दोन्ही सभागृहांत विरोधी पक्षनेत्याची जागा रिकामी होती. कारण विचारलं की उत्तर येतं: एकदशांश संख्या नाही, 288चे दहा टक्के म्हणजे 29, तेवढे कुणाकडे नाहीत.

हे 29 आले कुठून? विधानसभेच्या नियमांत विरोधी पक्षनेत्यासाठी अशी अट नाही. 1978चा आपला स्वतःचा कायदा आहे, विरोधी पक्षनेत्यांच्या वेतन-भत्त्यांचा. त्यात व्याख्या आहे: विरोधातल्या सर्वांत जास्त संख्येच्या पक्षाचा नेता, ज्याला अध्यक्षांनी मान्यता दिली आहे तो. टक्के नाहीत. दहा टक्क्यांचं मूळ लोकसभेचे पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळंकर यांच्या काळातलं. मूळचं रत्नागिरीकडचं घराणं, त्याआधी मुंबई विधानसभेचे अध्यक्ष राहिलेला माणूस. सभागृहात कोणाला पक्ष म्हणायचं आणि कोणाला गट, कोणाला बसायला सलग जागा, बोलायला वेळ, कामाला खोली द्यायची, यासाठी त्यांनी गणपूर्तीइतकी, म्हणजे एकदशांश, संख्या धरली. बाकांच्या व्यवस्थेसाठी काढलेला तो आकडा आज विरोधी पक्षाचं तोंड बंद करायला वापरला जातोय. माहितीच्या अधिकाराचा 2005चा कायदा तर याच्या अगदी उलट सांगतो. राज्य माहिती आयुक्त निवडणाऱ्या समितीत विरोधी पक्षनेता असतो, आणि कुणाला तशी मान्यता नसेल तर विरोधातल्या सर्वांत मोठ्या गटाचा नेता हाच विरोधी पक्षनेता समजावा, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. संसदेला 2005 साली जे सुचलं ते आमच्या विधानभवनाला आजही मान्य नाही.

आणि महाराष्ट्राचा इतिहास? मी रायगडचा आहे, आमच्याकडं हा इतिहास पोरांना झोपताना सांगत. 1962 साली शेतकरी कामगार पक्षाचे 15 आमदार होते, सभागृह 264चं. विरोधी पक्षनेते होते कृष्णराव धुळप. 1972 साली काँग्रेसनं 270 पैकी 222 जागा जिंकल्या. विरोधात सर्वांत मोठा पक्ष शेकाप, आमदार किती? सात. दहा टक्क्यांचा हिशेब लावला तर 27 हवे होते. तरी दि. बा. पाटील विरोधी पक्षनेते झाले. मुख्यमंत्री वसंतराव नाईक होते, अध्यक्ष शेषराव वानखेडे. 222 आमदार पाठीशी असलेल्या मुख्यमंत्र्याला सात आमदारांच्या नेत्याची भीती वाटली नाही. पुढं 1985च्या विधानसभेत शेकापचे 13 आणि जनता पक्षाचे 20 आमदार निवडून आले होते. विरोधी पक्षनेते असलेले शरद पवार काँग्रेसमध्ये परत गेल्यावर निहाल अहमद, दत्ता पाटील, मृणाल गोरे यांनी आळीपाळीनं ते पद सांभाळलं. यांच्यातल्या कुणाच्याही पक्षाला 29 गाठता आले नव्हते. दूर कशाला, 2015 साली दिल्लीत 70 पैकी भाजपचे तीन आमदार आले, आणि त्या तिघांतले विजेंद्र गुप्ता यांना विरोधी पक्षनेतेपद मिळालं. ते भाजपनं घेतलं. तेव्हा दहा टक्के आठवले नाहीत.

माझे वडील दिबांच्या सभेला पेणहून चालत जायचे. जमीन जाण्याच्या भीतीनं गावं हादरली होती तेव्हा, सभागृहात आपल्या बाजूनं एक माणूस उभा राहतो आणि तो उभा राहिला की मुख्यमंत्र्याला बसावं लागतं, एवढाच आमच्या लोकांना आधार होता. सात आमदारांचा आधार. आज नवी मुंबईच्या विमानतळाला त्याच दिबांचं नाव द्यायला सगळे पक्ष पुढं असतात. दिबा ज्या खुर्चीवरून बोलले ती खुर्ची मात्र रिकामी ठेवायची, हा कुठला न्याय? नाव द्यायचं तर त्या खुर्चीचा मानही ठेवा.

काही लोक मला सांगतात, अमेरिकेकडं बघा. तिथल्या प्रतिनिधिगृहाचे नियम दोन वर्षांनी संपतात, प्रत्येक नवं सभागृह पहिल्याच दिवसांत आपले नियम मताला टाकून मंजूर करतं. निदान उघड होतं, खरं. पण 2023च्या जानेवारीत काय झालं? केव्हिन मॅकार्थी यांना अध्यक्षपदासाठी 15 फेऱ्या लढाव्या लागल्या, आणि आपल्याच पक्षातल्या अडून बसलेल्यांना वळवताना त्यांनी कबूल केलं की एकट्या सदस्यालाही अध्यक्षाला हटवण्याचा ठराव आणता येईल. नियम मंजूर झाले 220 विरुद्ध 213 मतांनी. ऑक्टोबरात त्याच नियमानं ते 216 विरुद्ध 210 मतांनी पायउतार झाले. 2025च्या जानेवारीत नव्या सभागृहानं ती संख्या एकावरून नऊ केली, आणि तीही बहुमतवाल्या पक्षातलेच नऊ. म्हणजे तिथंही निकाल लागल्यावर वाटे पडतात. कुणाचे किती आहेत हे कळल्यावर पाडलेले वाटे सरळ पडत नाहीत, मग ते वॉशिंग्टनला पाडा नाहीतर नरिमन पॉइंटला.

म्हणून माझं म्हणणं आजीचं आहे. नियम बदला, जरूर बदला, पण बदललेला नियम पुढच्या विधानसभेपासून लागू होऊ द्या. ज्या सभागृहानं दुरुस्ती केली त्याला तिचा फायदा मिळता कामा नये. आज सत्तेत असलेल्यांना 2029 साली आपण कुठल्या बाकावर बसू हे माहीत नाही. विरोधातल्यांनाही नाही. त्या अज्ञानात बसून ठरवा की विरोधी पक्षनेत्याला किती आमदार लागतील. किती दिवसांत अध्यक्ष निवडायचाच ते ठरवा. निलंबन जास्तीत जास्त किती, विश्वासदर्शक ठरावावर पोल सक्तीचा की नाही, तेही ठरवा. बघू या तेव्हा 29चा आकडा कोण सुचवतो.

यावर दोन आक्षेप येतात, दोन्ही मी पत्रकार कक्षाबाहेरच्या चहावर शंभरदा ऐकलेत. पहिला, मध्येच अडचण आली तर? करोनासारखं काही आलं तर? मग विरोधी पक्षाच्या संमतीनं करा. खरी अडचण असेल तर कुणी नाही म्हणणार नाही, आणि त्यासाठीच विरोधी पक्षनेता लागतो. दुसरा आक्षेप वजनदार आहे: ज्या बहुमतानं हा नियम केला ते बहुमत उद्या तो रद्दही करू शकेल, किंवा शिथिल करू शकेल. शकेल. त्याला अडवणारं कुलूप माझ्याकडं नाही. पण तेव्हा त्याला आपला स्वतःचा शब्द भर सभागृहात, नावं घेऊन, आकडे मोजून मोडावा लागेल, आणि कार्यवृत्तात ते राहील. आज तेवढंही करावं लागत नाही. आज नियमात नसलेला आकडा नुसता बोलून दाखवला की झालं.

दुरुस्ती एका ओळीची आहे: 'विरोधी पक्षाच्या संमतीखेरीज या नियमांतील कोणतीही सुधारणा ती मंजूर करणाऱ्या विधानसभेस लागू होणार नाही.' ही ओळ लिहून मी ओळखीच्या चार आमदारांना पाठवली. दोन सत्तेतले, दोन विरोधातले. सूचना कशी द्यायची, कोणत्या नियमाखाली द्यायची, तेही सोबत लिहिलं. सत्तेतल्या एकानं फोन करून विचारलं की यात आमचा काय फायदा. विरोधातल्या एकानंही फोन केला. त्यानंही तेच विचारलं. उरलेल्या दोघांचं उत्तर आलेलं नाही.